नसीमाच्या बाटल्या

अयूब होडेकर शारजाहून कायमचा घरी आला असं सगळी खालची वाडी म्हणत होती. एकटा अयूब तेवढं म्हणत नव्हता. भातकापणीच्या सुमाराला तो आला आणि तेव्हापासून एका जागी बूड टेकून बसलेलं त्याला कुणी पाहिलं नव्हतं. सकाळी उठला की पडवीतून अंगणात, अंगणातून विहिरीवर, विहिरीवरून खाडीच्या तरीवर, होडी लागते तिथे, आणि तिथून पुन्हा पडवीत. कौलं शाकारून झाली. गडग्याचे ढासळलेले चिरे रचून झाले. न गळणारा नळ त्याने उगाचच काढून परत बसवला, तेव्हापासून तो गळायला लागला.

जन्मभर हा माणूस टगबोटीवर होता. मोठ्या जहाजांना दोर लावायचा, ओढायचा, बंदरात बांधायचा. घरात ओढायला आणि बांधायला काय असतं? नसीमा चुलीपुढे बसली की तो मागे येऊन उभा राहायचा आणि लाकडं नीट रचलेली नाहीत म्हणून सांगायचा. नसीमा वैतागायची, पण मनातून तिला ते आवडायचं. लग्न झाल्यापासून नवरा म्हणजे तिला फोनातला आवाज होता. दोन वर्षांनी यायचा, अत्तर नि साबणाच्या वड्या घेऊन, आणि ओळख होते न होते तोवर परत जायचा. मुलगी महरीन बापाच्या फोटोकडे बघत मोठी झाली आणि लग्न होऊन मुंब्र्याला गेली. आता कुठे नसीमाला घरात खाकरणारा, चुका काढणारा, जिवंत माणूस मिळाला होता.

आणि एजंटाचे फोन येत होते. तिकडे जागा रिकामी आहे, पावसाच्या आधी ये. फोन आला की अयूब उठून अंगणाच्या टोकाला जायचा. परत आला की म्हणायचा, "बघू. तुजी कालवं निघू देत. चांगली निघाली तर आनी दोन तराफे टाकू, मग मी कशाला जातोय? नाय निघाली तर मात्र मना आडवू नको."

म्हणजे सगळं येऊन थांबलं होतं त्या कालवांवर.

कालवांचा तराफा नसीमाचा. आधी तो बायकांच्या गटाचा होता. बांबूची चौकट, खाली निळी पिंपं, आणि चौकटीला लोंबणाऱ्या शिंपल्यांच्या माळा. शिंपल्यांवर कालवांची पिल्लं बसतात आणि खाडीच्या पाण्यात वाढतात, त्यांना खायला घालावं लागत नाही. पण वाढायला दीड वर्ष घेतात, तेवढा धीर कुणाला? एकेक बाई गळाली आणि जाताना आपापलं पिंप घेऊन गेली. माळा नसीमाच्या गळ्यात पडल्या. पिंपांशिवाय तराफा तरंगणार कशावर? नसीमाने खाडीत उतरून खारफुटीच्या मुळांत अडकलेल्या पाण्याच्या बाटल्या गोळा केल्या. वरच्या गावांतून पुराबरोबर येतात, हॉटेलांतून येतात, लग्नांतून येतात. त्यांची झाकणं घट्ट लावून, जुन्या जाळ्यात कोंबून तिने उशा केल्या आणि बांबूखाली बांधल्या. लांबून तराफा दिसायचा तो पाण्यावर वाळत घातलेल्या गोधडीसारखा. वाडीतल्या बायका हसल्या. पण तराफा तरंगला, गेल्या पावसातून वाचला, आणि या वैशाखात माळा उचलायला दोन माणसं लागू लागली.

गणपतीपुळ्याच्या वाटेवरचा हॉटेलवाला येऊन बघून गेला होता. "अजून एक उधाण जाऊ दे," तो म्हणाला होता. "तळहात भरला पायजे. मग सगळी नेतो." पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं की कालवं मरतात, म्हणून त्याआधी ती काढायची. पौर्णिमेचं उधाण गेलं की काढू, असं ठरलं होतं.

आणि मध्येच ती ग्रामसभा आली.

शाळेच्या खोलीत पांढरी चादर टांगली होती. रत्नागिरीच्या कॉलेजातली मनस्वी नावाची मुलगी लॅपटॉप घेऊन आली होती. बोलायला गोड, उन्हाने नाक सोललेलं. ती म्हणाली, "ड्रोन वर जातो, सगळ्या नदीचे फोटो काढतो. फोटोत प्लास्टिक कुठे तरंगतंय ते कम्प्युटर ओळखतो आणि तिथे लाल रंग भरतो. असं दर महिन्याला केलं की कचरा कुठून येतो, कुठे साठतो ते कळेल."

चादरीवर खाडी आली. आपली रोजची खाडी अशी वरून बघायला सगळे पुढे वाकले. मग लाल ठिपके आले. एक पुलाखाली, एक तरीजवळ, बारके. आणि खालच्या वाडीसमोर, खाडीच्या मधोमध, या दोन्हींना गिळून उरेल एवढा लालभडक चौकोन.

"खालच्या वाडीनं नदीत कपाट टाकलंनीत काय?" मागून कुणीतरी म्हणालं आणि खोली हसली.

नसीमाच्या कानशिलांना चटका बसला. तिने ओढणी पुढे ओढली.

सरपंच काशीराम तसा भला माणूस, पण हसणाऱ्या लोकांपुढे त्याला चेव यायचा. "अख्ख्या नदीची लाज एका ठिकानी साठवलीय बगा," तो म्हणाला. पुन्हा हशा.

"तसं नाही काका," मनस्वी म्हणाली. "कम्प्युटरला फक्त पांढरं, चकचकीत दिसतं. कचरा आहे की कुणाच्या कामाची वस्तू, ते त्याला कळत नाही. ते मला सांगावं लागतं. हे कुणाचं आहे का? कुणाचं असेल तर मी तिथे नाव घालते, मग ते कचऱ्यात धरलं जाणार नाही."

सभेला सगळी वरच्या वाडीची माणसं; खालच्या वाडीतलं नसीमाशिवाय कुणी आलं नव्हतं. मागच्या बाकावर होडीवाला केरू बसला होता. तो रोज त्या तराफ्याला वळसा घालून माणसं तरीवर नेतो, त्याला ठाऊक होतं. त्याने नसीमाकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ज्याचं त्याने सांगावं, अशी त्याची रीत.

नसीमाच्या ओठांवर आलं होतं. पण लगेच मनात आलं, तराफ्याला परवानगी कुठे आहे? गटाची होती, गट मोडला. नाव सांगितलं आणि उद्या कुणी काढायला लावला तर? आणि आत्ताच हसून दमलेले हे लोक, त्यांच्यापुढे उभं राहून म्हणायचं, नदीची लाज ती माझी? तिने जीभ चावली.

"कुनाचा नाय," काशीराम म्हणाला. "मग ठरलं. पुनवेच्या भरतीला ताईंचं विमान परत येतंय. त्याच्या आधी सगळ्यांनी उतरून नदी साफ करायची. एकपन लाल ठिपका दिसता नये."

घरी आली ती नसीमा हांड्याशी भांडली, कोंबड्यांशी भांडली आणि शेवटी पडवीच्या पायरीवर बसून रडली. अयूब आधी येरझारा घालत राहिला. मग तिच्यासमोर उकिडवा बसला.

"ते विमान कदी येनार म्हनालीस?"

"पुनवेला. भरती भरली की."

"भरतीला. वरून बघनार." अयूबने अंगणातली काडी उचलली आणि मातीत रेघा ओढल्या. "आपला पानी कसा हाय? गढूळ. हातभर खाली काय हाय ते काटावरून दिसत नाय, तर आभाळातून काय दिसनार? तराफा तळाला बांधायचा. सुकतीला पानी उतरला की दोर आखूड करायचे. वर पानी चढंल, तराफा चढनार नाय. बाटल्या वर वडतील, दोर खाली वडतील. पुनव गेली की दोर सोडायचे. कालवांना काय, ती पान्यातच."

नसीमाने डोळे पुसले. कितीतरी महिन्यांत तिने नवऱ्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. अंगात वारं भरल्यासारखा तो उठला आणि माळ्यावरचे दोर खाली फेकू लागला.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सुकतीला दोघं खाडीत उतरली. पाणी कंबरेला, खाली चिखल. पाय टाकला की पोटरीपर्यंत रुतायचा आणि काढताना चपचप आवाज करायचा. अयूबने घरच्या बारक्या होडीतून जांभ्याचे चिरे आणले होते. एकेक चिरा छातीशी धरून तो चिखलात बसवत होता आणि त्याला दोर आवळत होता. गाठी मारताना त्याची बोटं बघत राहावी अशी चालत. "ह्या गाठीनं जहाज धरलंय मी," तो म्हणाला, "तुजा तराफा काय घेऊन बसलीस!" उन्हाने पाण्यातून वाफ येत होती, पाठ भाजत होती, कालवांच्या कडांनी नसीमाच्या मनगटावर ओरखडे काढले होते. तरी तिला मजा वाटत होती. नवरा-बायकोने मिळून केलेलं हे पहिलं काम, निकाह धरून दुसरं.

संध्याकाळी भरती चढली. दोघं काठावर उभी राहून बघत होती. बाटल्यांच्या पांढऱ्या पाठी थोडा वेळ दिसल्या, मग पाणी त्यांच्यावरून गेलं. खाडी सपाट झाली. तिथे काही होतं असं कुणी म्हणालं नसतं.

अयूब भाकऱ्यांवर तुटून पडला. कोकमाच्या सारात बोटं बुडवून चाटली. महरीनला फोन लावून तिला सगळं सांगितलं, आवाज घरभर. नसीमा वाढताना थांबली. तिला केरू आठवला. केरू होडी हाकताना दुसरीकडे बघत गप्पा मारतो, पण पांढऱ्या बाटल्या आल्या की न बघताही हात वल्ह्यावर, नाहीतर इंजिनाच्या दांड्यावर, आणि होडी डावीकडे. बाटल्याच नाहीत तर त्याला कळणार कसं?

"आवो," ती म्हणाली, "केरूला तेवढं सांगून..."

"कुनाला काय सांगू नको," अयूब तोंडातला घास न गिळताच म्हणाला. "एकाला सांगितला की गावाला सांगितला." आणि हसला. वरचा पडलेला दात दिसला. मोकळा हसला, आल्यापासून पहिल्यांदा.

त्या हसण्यावर नसीमाने तोंड मिटलं. आणखी एक भाकरी वाढली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून गाव खाडीवर लोटला. पोतीच्या पोती भरली गेली. पुलाखालचा कचरा निघाला, तरीजवळचा निघाला. खालच्या वाडीसमोर काशीराम कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणाला, "अरे वा! हितला तर आपोआप गेला!" अयूबने नसीमाकडे तिरप्या नजरेने पाहिलं. भरती भरत आली तशी मनस्वीने तरीच्या दगडावर यंत्र ठेवलं. ते घोंघावत वर गेलं. पोरं ओरडली, बगळे उडाले.

"वर हाय तोवर एक चक्कर मारून येवया," काशीराम म्हणाला. "कुठं चुकूनमाकून बाटली ऱ्हायली असंल." केरूची होडी निघाली. होडीत काशीराम आणि वरच्या वाडीची माणसं, हातात झोळीची जाळी लावलेल्या काठ्या. केरूने इंजिन ओढलं.

नसीमा काठावर होती. होडी पुलाकडून वळली आणि सरळ येऊ लागली. केरू मागे वळून कुणाशी तरी बोलत होता. त्याचा हात दांड्यावर मोकळा पडला होता. पुढे काहीच नव्हतं ना! सपाट, साफ पाणी. तराफा काढून नेला असंच त्याला वाटलं असणार.

"केरू!" ती ओरडली. इंजिनाच्या आवाजात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

धप्प झालं. होडीचं नाक उचललं गेलं, काशीराम माणसांवर पडला, इंजिन किंचाळलं आणि बंद पडलं. मग पाण्याखालून कडकड असा बांबू मोडल्याचा आवाज आला. आणि एक बाटली उसळून वर आली. मग दुसरी. मग जाळं फाटून उशीच्या उशी फुटली आणि शेकडो पांढऱ्या बाटल्या पाण्यावर येऊन चमकू लागल्या, भरतीच्या पाण्याबरोबर चहूकडे पांगू लागल्या.

"आरं बापरे! केवडा कचरा!" होडीतून कुणीतरी ओरडलं. "तळात साठला होता!"

आणि त्यांना हुरूप आला. सकाळपासून राबलेली माणसं, ऐन वेळी एवढं घबाड सापडलं. जाळी फिरू लागली. पोरांनी पाण्यात उड्या टाकल्या. बाटल्या पोत्यात जाऊ लागल्या, प्रत्येक पोत्याला टाळ्या. तुटलेली एक माळ इंजिनाच्या पात्यात गुंडाळली होती, ती केरूने ओढून काढली, आणि तिच्याकडे बघतच राहिला. तळहाताएवढी कालवं, कवचं ठेचलेली, आतलं पांढरं मांस बाहेर. त्याने वर बघितलं ते थेट नसीमाकडे. त्याचा चेहरा बघवत नव्हता.

अयूब काठावर खाली बसला. टेकला तो टेकलाच. सहा-सात महिन्यांत पहिल्यांदा एका जागी.

नसीमाच्या मनात तेवढ्यात काय काय येऊन गेलं. एजंटाचा फोन आला. अंगणाच्या टोकाला पाठमोरा उभा असलेला नवरा आला. ग्रामसभेतलं हसू आलं. आणि रागाचा असा लोट उठला की तो लोकांवरचा की स्वतःवरचा हेही तिला समजलं नाही.

"माज्या हायत त्या!" ती ओरडली. चपला टाकून तशीच पाण्यात शिरली. "ठेवा! माज्या बाटल्या हायत! तराफा हाय तो माजा! कालवं हायत खाली, माजी कालवं!"

पाणी छातीला लागलं तरी ती पुढे जात होती. पोरं थबकली. टाळ्या थांबल्या. काशीरामच्या हातातलं जाळं तसंच अर्धवट पाण्यात राहिलं.

"नसीमाभाबी," तो होडीच्या कडेवर वाकून म्हणाला. "मग त्या दिवशी बोलला का नाय?"

"हसत हुतात तुमी!" नसीमा म्हणाली. तिचा आवाज फाटला. "हसत हुतात म्हनून नाय बोलली!"

केरूने होडी वल्ह्याने काठाला लावली आणि बाटल्यांची पोती एकेक करून तिच्या पडवीजवळ नेऊन ठेवली. जाताना अयूबपुढे उभा राहिला. "अयूबभाय, मना तेवडं सांगायचंत ओ," म्हणाला. अयूबने मान हलवली.

दुपार कलली तशी सुकती लागली. गाव घरोघर गेला होता. पाणी गुडघ्यावर आलं आणि मोडका तराफा दिसायला लागला, एका अंगावर पडलेला. निम्म्या माळा चिखलात गाडल्या गेल्या होत्या. कालव चिखलात दबून राहिलं की गुदमरतं. म्हणजे आत्ताच्या आत्ता काढायला हवं होतं.

नसीमा वाकून चिखलात हात घालू लागली. अयूब काठावरच होता. त्याने सदरा काढून दगडावर ठेवला होता आणि त्या सदऱ्याच्या खिशात फोन वाजत होता. वाजून थांबला. पुन्हा वाजला. नसीमाने मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. तिने एक माळ दोन्ही हातांनी ओढली, चिखल सोडेना. पुन्हा ओढली. पाय घसरून ती बसकण मारून पडली.

चपचप आवाज आला. अयूब चिखल तुडवत येत होता.

"मधेच धरू नको," तो तिच्या शेजारी वाकत म्हणाला. "बुडाशी धर. असा."

माळ वर आली. चिखलाने लडबडलेली, पण कालवं मिटलेली, घट्ट. जिवंत. नसीमाने ती पाण्यात हिसळली आणि उभ्या असलेल्या बांबूला अडकवली. मग दुसरी. काही वर आल्या त्या नुसती ठेचलेली कवचं. त्या अयूब न बघता बाजूला टाकत होता. त्याच्या बोटांना कालवांच्या कडा लागून रक्त येत होतं, चिखलात मिसळून काळं दिसत होतं. फोन पुन्हा वाजला. तो म्हणाला, "मीच गाठी मारल्या हुत्या. मीच बुडवली तुजी कालवं."

"मना पन केरू आठवला हुता," नसीमा म्हणाली. "तुमी हसत हुतात म्हनून गप ऱ्हायली."

अयूबने हात थांबवले. ती पुढची माळ शोधत राहिली. हसणाऱ्यांमुळे आपण दोनदा गप्प बसलो, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

काठावरून हाक आली. मनस्वी पँट वर दुमडून चिखलाच्या कडेला उभी होती. हातात तिचं पाटीसारखं यंत्र. "मावशी, फोटोत सगळं आलंय," ती म्हणाली. "सगळी खाडी लाल झालीय. ते मी काढून टाकते. पण तराफा परत बांधणार ना? तिथे नाव घालते मी. काय घालू?"

नसीमा सरळ उभी राहिली. हात कोपरापर्यंत काळे, ओढणी कमरेला, केसांतही चिखल. निम्मी कालवं तर गेलीच होती. हॉटेलवाला काय म्हणेल, कोण जाणे. दगडावरच्या सदऱ्यात फोन चौथ्यांदा वाजायला लागला.

"नसीमा लिव," ती म्हणाली. मग नवऱ्याकडे न बघता, आवाज जरा चढवून म्हणाली, "आनी अयूब पन लिव. दोगांचा हाय तो. ह्ये आता हितंच असनार हायत."

फोन वाजत राहिला. चिखलातून बुडबुडे येऊन फुटत होते. अयूबने हातातला दोर बांबूभोवती फिरवला, गाठ आवळली, दाताने टोक ओढून बघितलं.

"आडनाव पन लिव गो बाय," तो काठाकडे बघून म्हणाला. "होडेकर. आनी नसीमा, त्या पोत्यातल्या बाटल्या आन हिकडं. भरतीच्या आत वर बांदू."